विरोधकाचे पुस्तक कोणत्या कपाटात?



१९१७ साली गांधींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन विनायक नरहरी भावे नावाचा तरुण वाईला आला. नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ बसून उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य वाचायचे, एवढाच त्याचा बेत होता. पण वाचता वाचता त्याने विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले आणि मंडळासाठी वाचनालय उभारायचे ठरवले. पैसे कुठून आणायचे? मुले जात्यावर बसली. लोकांचे दळण दळून द्यायचे आणि मिळेल ती थोडकी मजुरी वाचनालयाला द्यायची, असा उद्योग सुरू झाला. खात्यापित्या घरची मुलेही त्यात होती. वाईसारख्या सोवळ्या गावात हायस्कुलात जाणारी ब्राह्मणांची पोरे दुसऱ्यांचे पीठ दळतात, हे पाहून लोकांनी त्यांना वेड्यात काढले. दळणाचा वर्ग दोनेक महिनेच टिकला. पुस्तके मात्र चारशेच्या आसपास जमली. हा हिशेब पुढे विनोबा म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या तरुणाने स्वतःच गांधींना पत्राने कळवलेला आहे.

धर्मविद्येच्या ग्रंथालयाविषयी बोलायचे तर सुरुवात अशा ठिकाणाहून करावी. सेमिनरी असो, पाठशाळा असो वा मदरसा, ग्रंथालयाला तिथे बहुधा देणगीदाराच्या नावाची पाटी असते, उद्घाटनाची कोनशिला असते आणि भिंतीवर संस्थापकांची तसबीर असते. विद्यार्थ्याचा घाम क्वचितच दिसतो. वाईत तो दिसला.

त्याच नारायणशास्त्र्यांच्या वाईतल्या प्राज्ञपाठशाळेचे दुसरे विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मीमांसा, न्याय आणि धर्मशास्त्राच्या पोथ्यांत वाढलेला हा माणूस. येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार काढून देणाऱ्या पंडितांत तर्कतीर्थ पुढे होते. पुढे त्यांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली आणि धर्मसंस्थेलाच प्रश्न विचारले. ‘धर्मकोशा’च्या खंडांवर हयातभर काम करणारा संपादक आणि धर्माचा कठोर चिकित्सक एकाच खोलीत, एकाच बैठकीवर बसत होता. पाठशाळेच्या कपाटातून श्रद्धाळूच बाहेर पडेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ती द्यायला लागणारे ग्रंथालय विद्यार्थ्याच्या फारसे कामाचेही नाही.

आजच्या या व्यासपीठावरून जे म्हणायचे आहे ते एवढेच. ज्या ग्रंथालयात विरोधकाचे पुस्तक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काढून घेता येते, तेच त्याला घडवते. आपल्या बाजूची पुस्तके काय, वर्गात शिक्षक सांगतच असतात, प्रार्थनेत ती ऐकू येतात, परीक्षेला तीच विचारली जातात. पलीकडच्या बाजूला जागा मिळते ती फक्त ग्रंथालयात.

आपल्याकडच्या शास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या नेकीने, आणि मग त्याचे खंडन करायचे. चौदाव्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकापासून सुरू होतो. वेदान्त्याने लिहिलेल्या ग्रंथात पहिला मान नास्तिकाला! चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांचे म्हणणे आज कळते ते बरेचसे त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या लिखाणातून. म्हणजे शत्रूने नीट जपले म्हणून ते उरले. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत टीकेसह संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ मध्ये छापली. ती ज्या धर्मविद्यालयात नाही, तिथल्या ग्रंथपालांनी आजच मागणीपत्र भरायला हरकत नाही.

असाच एक वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचे पुस्तक चक्क संस्कृतात लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली. काशीत राहणाऱ्या नीळकंठशास्त्री गोरे या विशीतल्या चित्पावन पंडिताने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून, तेही संस्कृतातच, त्याला उत्तर दिले. पुढे मिशनऱ्यांना निरुत्तर करण्यासाठी म्हणून बायबल वाचता वाचता १८४८ साली तो स्वतः ख्रिस्ती झाला आणि नेहेम्या गोरे या नावाने ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांवर तुटून पडला. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर त्याच गोऱ्यांचा ठसा उमटला. हे तिन्ही ग्रंथ एका फळीवर शेजारी शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्याला एका माणसाच्या डोक्यात चाललेले अख्खे युद्ध वाचता येईल. अर्ध्या संस्था फक्त मधले पुस्तक ठेवतात आणि अर्ध्या फक्त शेवटचे.

ख्रिस्ती सेमिनऱ्यांच्या परंपरेत या बाबतीत दोन्ही नमुने सापडतात. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी १८१८ मध्ये बंगालात श्रीरामपूरला कॉलेज काढले. त्याच्या पहिल्या पत्रकातच आशियातील ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवण्याचा हेतू मांडलेला होता. त्याआधी याच मंडळींनी आपल्या छापखान्यातून वाल्मीकिरामायण मूळ आणि इंग्रजी भाषांतरासह छापायला घेतले होते. मिशनऱ्यांनी रामायण छापायचे? विलायतेतल्या काही धार्मिक मंडळींना ते रुचले नाही. मराठी वाचकाचेही श्रीरामपुराशी जुने देणे आहे. कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ चे, मराठी-इंग्रजी कोश १८१० चा. वैजनाथ पंडितांच्या मदतीने तिथूनच मोडी अक्षरांत मराठी पुस्तके छापून निघाली. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागली आणि टंक, कागद, हस्तलिखिते यांची राख झाली. एवढे होऊनही १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. आज महाराष्ट्रातला बी. डी. चा विद्यार्थी श्रीरामपूरच्या ज्या सिनेटची परीक्षा देतो, तिची मुळे त्या सनदेत आहेत.

दुसरा नमुना कुलूपबंद कपाटाचा. रोमच्या चर्चने १५५९ पासून निषिद्ध ग्रंथांची सूची चालवली. सूचीतले पुस्तक वाचायला सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला वरिष्ठांची परवानगी लागे. १८९३ मध्ये कँडीला सुरू झालेली पोपची सेमिनरी १९५५ साली पुण्यात नगर रस्त्यावर आली आणि तिच्या परिसरात पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखली गेलेली संस्था उभी राहिली, तेव्हाही ही सूची लागूच होती. ती रद्द झाली १९६६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी आदराने बोलणारा जाहीरनामा काढला होता, हा योगायोग नव्हे. कुलूप आधी मनातले निघाले, मग कपाटाचे.

आता जरा दूरचे उदाहरण. १९४८ साली एकोणीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात क्रोझर थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला. पाळकाच्या घरचा मुलगा. त्याने काय वाचले हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. १९४९ च्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे ख्रिस्ती घरात दिव्यांची आरास असते त्या दिवसांत, तो मार्क्स वाचत होता. नीत्शेने तर प्रेमाच्या सामर्थ्यावरचा त्याचा विश्वास काही काळ डळमळीत केला. मग फिलाडेल्फियात एका व्याख्यानात त्याने गांधींविषयी ऐकले आणि बाहेर पडून गांधींवरची पाचसहा पुस्तके विकत घेतली. विकत घेतली, हा तपशील ग्रंथपालांनी जरा अस्वस्थ होऊन वाचावा. सेमिनरीच्या अभ्यासक्रमाने त्याला जे दिले ते बऱ्याच जणांना मिळाले असेल. माँटगोमेरीच्या बसबहिष्कारात उपयोगी पडले ते अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन.

किंगच्या गोष्टीला एक कडू शेपूट आहे आणि ते लपवू नये. बॉस्टन विद्यापीठात त्याने थिऑलॉजीत पीएच. डी. केली. त्या प्रबंधात दुसऱ्यांचे उतारे नावनिर्देश न करता घेतल्याचे विद्यापीठाच्याच समितीने १९९१ मध्ये मान्य केले, पदवी मात्र कायम ठेवली. सेमिनरीतला विद्यार्थी शनिवारी रात्री उद्याच्या प्रवचनासाठी इथून एक दृष्टान्त, तिथून एक वाक्य उचलत असतो. प्रवचनात ते खपतेही. प्रबंधात खपत नाही. हा फरक पहिल्या वर्षीच शिकवण्याचे काम ग्रंथालयाचे आहे, आणि ते फारच थोडी ग्रंथालये करतात.

मग वर्गीकरण. ड्यूईच्या दशांश पद्धतीत २०० हा धर्माचा आकडा, पण २२० ते २८० पर्यंतची सगळी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, आणि जगातले उरलेले सारे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, इस्लाम २९७. रंगनाथनांनी कोलन वर्गीकरणात हा तोल बदलला आणि तिथे हिंदू, जैन, बौद्ध, ख्रिस्ती, इस्लाम यांना सारख्या पायरीवर बसवले. विद्यार्थ्याला हे आकडे निरुपद्रवी वाटतात, पण त्याच्या नकळत ते त्याला शिकवत असतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ येशूचरित्राच्या २३२.९ मध्ये लावायचे की मराठी कवितेच्या ८९१.४६१ मध्ये? येशूचरित्रात लावले, तर मराठीच्या विद्यार्थ्याला ते दिसत नाही. कवितेत लावले, तर पाळक होणाऱ्याला दिसत नाही. तुकारामांच्या गाथेचीही हीच पंचाईत. उपाय अवघड नाही, सूचीत दोन्ही ठिकाणी नोंद करायची. पण त्यासाठी ग्रंथपालाने पुस्तक उघडून वाचलेले असावे लागते.

आणि जिथे नोंद राहिली, तिथे पुस्तक जगले. गोव्यात आयुष्य घालवलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, १६१६ मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ओव्या टिकल्या त्या मंगळूरच्या ख्रिस्ती घरांतल्या हस्तलिखितांत, त्यांवरून १९०७ ची आवृत्ती निघाली. आणि देवनागरी हस्तलिखित सापडले कुठे, तर लंडनमध्ये, विल्यम मार्सडेनच्या संग्रहात. मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे जस्टिन अ‍ॅबट यांनी ते उजेडात आणले. पुढे स. गं. मालशे यांनी ख्रिस्तपुराणावर पीएच. डी. केली. याच मालशे यांनी ताराबाई शिंदे यांची विस्मरणात गेलेली ‘स्त्री-पुरुष तुलना’ १९७५ मध्ये पुन्हा छापली. जुन्या कपाटांत हात घालण्याची सवय अशी एका विषयापुरती राहत नाही.

तेव्हा या परिषदेकडे मागणे तीन गोष्टींचे आहे. धर्मविद्यालयाचे वाचनालय रात्री वसतिगृहाच्या घंटेबरोबर बंद होऊ नये, कारण दिवसभर वर्ग, प्रार्थना आणि सेवाकार्य यांत अडकलेल्या मुलाला वाचायला रात्रच मिळते. प्रतिपक्षाची पुस्तके वेगळ्या कपाटात नकोत, ती त्याच विषयाच्या फळीवर आणि खुल्या प्रवेशात असावीत. आणि तिसरे, शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची जवळजवळ एकहाती केली. वाई, पुणे आणि राशोल इथल्या संस्थांनी मिळून निदान मराठी धर्मवाङ्मयाची एक सामायिक सूची करावी. पाठशाळेच्या विद्यार्थ्याला सेमिनरीत आणि सेमिनरीच्या विद्यार्थ्याला पाठशाळेत बसून वाचण्याचे ओळखपत्र त्या सूचीबरोबरच द्यावे. ठराव आज दुपारच्या सत्रात येतो आहे. तो मंजूर करा आणि कामाला कोण लागणार त्यांची नावे त्याच कागदावर लिहा.