फळ्यावरचं चित्र

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी 'आपल्या वर्गाचा चित्रकार' अशी माझी ओळख करून दिली. खरं म्हणजे कोल्हापुरात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि कॅलेंडरं यांवर घर चालतं. आज मात्र एकाच कामाबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी काही पालक दुकानात आले. त्यांची मुलं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. त्या दिवशी त्यांना फेरी काढायची होती आणि तिच्यासाठी बोधचिन्ह हवं होतं. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि एका रात्रीत काम उरकलं. निळा रंग आणि जिगसॉ कोड्याचा एक तुकडा. नेटवर सगळीकडे तेच दिसत होतं.

सगळे 'छान' म्हणाले. एक आई मात्र गप्प होती. शेवटी म्हणाली, "दादा, माझा मुलगा कशाचा तुकडा आहे? तो पूर्ण आहे हो."

मग मी वाचायला बसलो. हा तुकडा १९६३ साली ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेनं आणला. त्यात एक रडणारं मूलही होतं. हेतू वाईट नव्हता. आपल्या मुलांचं कोडं सुटत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. पण आज अनेक स्वमग्न माणसं स्वतःच म्हणतात, की आम्ही कोडं नाही आणि आमच्यात काही हरवलेलंही नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांना इंद्रधनुषी रंगांचं अनंताचं चिन्ह जवळचं वाटतं. जितकी माणसं तितक्या तऱ्हा, असा त्याचा अर्थ.

मी त्या आईच्या घरी गेलो. मुलगा अकरा वर्षांचा. फारसा बोलत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो पंख्यांची चित्रं काढत होता. वहीच्या वही छताच्या पंख्यांनी भरलेली. मीही शेजारी बसून एक पंखा काढला. त्यानं खोडरबर घेतलं, माझं एक पातं पुसलं आणि उरलेली तीन सारख्या अंतरावर नीट काढून दिली. मी चार पाती काढली होती! इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेला माणूस मी, आणि वर मान करून घरातला पंखा कधी नीट पाहिला नव्हता.

त्याला आणि आईला विचारून तोच पंखा आम्ही बोधचिन्ह म्हणून घेतला. रेघ त्याचीच ठेवली. भडक रंग आणि मोठे आवाज यांतल्या काही मुलांना सहन होत नाहीत, म्हणून रंग फिके घेतले आणि फेरीत ढोल-ताशा ठेवला नाही. फेरीच्या दिवशी त्यानं बॅनरवरची पाती बोटानं मोजली आणि मग आईचा हात धरून चालू लागला.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो. आठवीत आपल्या वर्गात एक मुलगा होता. एसटीचं सगळं वेळापत्रक त्याला तोंडपाठ असायचं. घंटा झाली की तो कानांवर हात दाबून बसायचा. एकदा मी फळ्यावर त्याचं तसंच चित्र काढलं. सगळा वर्ग हसला. 'वर्गाचा चित्रकार' हे नाव मला त्या दिवशी पडलं.

तो स्वमग्न होता का, हे सांगणारा मी कोण? पण तो हसला नव्हता, एवढं मला आठवतं.

आमचे वर्गशिक्षक आज समोर बसले आहेत. सर, तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. डस्टर घेऊन चित्र पुसलंत आणि दुसऱ्या दिवसापासून घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला मैदानावर सोडू लागलात. ते का, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

दोन विनंत्या आहेत. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. अशी मुलं आपल्या शाळेतही येणार. आज जमणाऱ्या देणगीतून त्यांच्यासाठी एक शांत खोली करू या. तिच्या भिंती मी रंगवीन. आणि आपल्या त्या मित्राचा फोन नंबर कुणाकडे असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला द्या. माफी मागायची राहिली आहे.