खरेदीखत की गहाणखत?



हिंगोली जिल्ह्यात सेनगाव असो की वसमत,
अडीनडीला जमीन ‘मुदत खरेदी’ने लिहून दिली जाते.
पैसे फेडले, की जमीन परत, अशी बोली असते.

नुसत्या बोलीवर विसंबू नका.
1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो,
परतीची अट त्याच खरेदीखतात हवी.
वेगळ्या कागदावर असेल, तर तो व्यवहार गहाण ठरत नाही.

पुन्हा सांगतो,
अट त्याच खरेदीखतात हवी.

अट असली, तरी कोर्ट हेतू पाहते, खरेदीचा की गहाणाचा.
किंमत फारच कमी होती का?
ताबा कुणाकडे राहिला?

सावकारीतून जमीन गेली असेल,
तर 2014 चा सावकारी कायदा मदतीला आहे.
कागदावर खरेदी लिहिलेली असली, तरीसुद्धा!
व्यवहार 15 वर्षांच्या आतला हवा.
अर्ज हिंगोलीत,
सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करा.