गंज चालेल, भेग नको
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या व्यासपीठावर साहित्य, राजकारण, अध्यात्म यांवर बोलणारी मोठी माणसं येऊन गेली. मी आज पाने, पकडी, पटाश्या आणि रंधे यांच्याविषयी बोलणार आहे, आणि हा विषय इथे उपरा आहे असं मला वाटत नाही. वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. त्याच रानड्यांनी १८९०मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत देशातल्या उद्योगधंद्यांचा कळकळीने विचार मांडला होता. हाताने काम करणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं, ते चांगलं आहे की वाईट, आणि ते त्याला परवडतं का, हा त्या विचाराचाच भाग आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हत्यारांच्या बाजारात भाव उतरतो तो बहुतेक वेळा चुकीच्या दोषासाठी. गंज, मळ, तुटलेली मूठ, उडालेला रंग यांमुळे वस्तू स्वस्त होते, आणि हे सगळे दोष घरी दुरुस्त होतात. बिडाला गेलेला बारीक तडा, पोलादाचं उतरलेलं पाणी, पान्याचं फाकलेलं तोंड हे दोष घरी दुरुस्त होत नाहीत. पण ते चटकन दिसत नसल्यामुळे त्यांच्यासाठी कोणी दोन रुपयेही कमी करत नाही. हा फरक ज्याला ओळखता येतो, त्याला स्वस्तात उत्तम हत्यार मिळतं. ज्याला येत नाही, तो चकाकीचे पैसे मोजतो.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत नव्या हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट आहे, जुन्यासाठी चोर बाजार आहे, आणि जहाजं तोडून निघालेल्या मालासाठी रे रोडजवळचा दारूखाना आहे. जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या ढिगात बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं सामान असतं, निवृत्त फिटरच्या पेटीतलं असतं, आणि काल-परवा बनलेला, नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदललेला बनावट मालही असतो. सगळं एकाच ताडपत्रीवर, एकाच धुळीत. तिथे जाताना मी खिशात तीन वस्तू ठेवतो: एक लहान बारीक दातांची कानस, सहा इंची पोलादी पट्टी, आणि १३ व १९ मिलिमीटरचे दोन नवे नट. एवढ्यावर निम्मी पारख होते.

आधी पोलादाबद्दल थोडं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सगळी हत्यारं सारखी कठीण नसतात आणि नसावीतही. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर कानस साठच्या वर असते, चांगली पटाशी साठच्या आसपास असते, आणि पाना मात्र चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो. पाना पटाशीइतका कठीण केला तर जोर लावल्यावर तो काचेसारखा फुटेल आणि वापरणाऱ्याचा हात फोडेल. पटाशी पान्याइतकी मऊ ठेवली तर सागवानाच्या पहिल्या गाठीला तिची धार मुडपेल. म्हणून ‘हे एकदम हार्ड आहे साहेब’ हे विक्रेत्याचं वाक्य कौतुकाचं समजू नका. कशासाठी हार्ड, हे विचारा. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरं कोरलेली असतात, तीही पुरावा नव्हेत. अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही.

आता पटाशी. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त फायदा मला पटाशीत दिसतो. ती लालभडक गंजलेली असली तरी हातात घ्या आणि उलटी करा. पटाशीची धार म्हणजे दोन पृष्ठं जिथे भेटतात ती रेघ. एक पृष्ठ आपण दगडावर घासून नवीन करत राहतो, दुसरं म्हणजे तिची सपाट पाठ. पाठीवर धारेजवळच्या भागात गंजाने खोल खड्डे पाडले असतील तर प्रत्येक खड्डा एक दिवस धारेवर येणार आणि लाकडावर रेघ उमटवणार. खड्डे पुढच्या बाजूला असतील, किंवा पाठीवर पण मुठीकडच्या भागात, तर खुशाल घ्या. मग खिशातली कानस काढून पात्याच्या कडेला, धारेजवळ, हलकेच एकदा ओढा. अर्थात विक्रेत्याला विचारून. कानस घसरून गेली तर पोलाद जिवंत आहे. तिने चटकन भुगा काढला तर मऊ आहे.

तिसरी खूण रंगाची. कोणीतरी ग्राइंडरवर घाईने धार लावताना पातं तापवलेलं असतं आणि टोकाशी निळी झाक उरलेली असते. साधं कार्बन पोलाद तापवलं की २२०-२३० अंश सेल्सिअसला त्यावर गवती पिवळा रंग येतो आणि ३००च्या आसपास निळा. निळा आला म्हणजे लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं. ही झाक टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच असेल तर तेवढा भाग पाण्यात बुडवत बुडवत हळू घासून काढता येतो, आणि खाली चांगलं पोलाद मिळतं. झाक वर लांबपर्यंत गेली असेल तर ती पटाशी लोहाराकडे नेऊन पुन्हा शेवटून घ्यावी लागेल. गावाकडे अजून हे काम करणारे लोहार आहेत. पूर्वी बलुत्याच्या धान्यावर ते वर्षभर गावाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी शेवटून देत. शहरात मात्र असा माणूस शोधावा लागतो, तेव्हा त्याचा खर्च आणि फेऱ्या किमतीत धरा.

जुन्या शेफील्डच्या पटाश्या आणि रंध्याची पाती पाहताना कडेला एक बारीक रेघ दिसते का बघा. मऊ लोखंडाच्या पाठीला कठीण पोलादाचा थर भट्टीत जोडलेला असे, त्याची ती रेघ. हा थर पात्याच्या पूर्ण लांबीभर नसतो. पातं घासून घासून आखूड झालं असेल तर पोलाद संपत आलेलं असतं आणि उरतं ते लोखंड. अशी आखूड पाती फार सुबक दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

रंध्याच्या बाबतीत दोन घराणी आहेत. आपल्या सुतारांचा लाकडी रंधा, आणि बिडाचा, ज्याची रचना अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीने केली आणि जिचे हक्क १८६९मध्ये स्टॅन्ली कंपनीने विकत घेतले. त्या रचनेतला ४ नंबरचा रंधा आजही जगभर जवळजवळ तसाच बनतो, त्यामुळे जुन्या रंध्याचा एखादा स्क्रू हरवला असेल तर तो मिळण्याची शक्यता असते. बिडाच्या रंध्याचा तळ उन्हाकडे धरा. पातं जिथून डोकावतं त्या फटीचे कोपरे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती निरखून पाहा. रंधा एकदा फरशीवर पडला की तडा बहुधा तिथे जातो. तळावर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी धरा आणि खालून किती उजेड येतो पाहा. थोडा उजेड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासला की जातो. तडा कशानेच जात नाही. लाकडी रंध्यात भीती वेगळी: तळ झिजला की तो पुन्हा सपाट करावा लागतो, आणि तसं करता करता फट रुंद होत जाते, मग गाठीच्या लाकडावर तो तंतू उपटू लागतो. पण चांगला सुतार फटीपुढे शिसवीची पट्टी बसवून तो रंधा नवा करून देतो. म्हणून लाकडी रंधा सहसा टाकून देण्याजोगा नसतो.

करवतीची परीक्षा सोपी आहे. पातं कमानीसारखं वाकवा आणि सोडा. ते सरळ परत यायला हवं. एखाद्या जागी मुरड पडलेली असेल तर ती लाकडात अडकणारच. दात बोथट असणं हा दोष नव्हे, कारण तिकोनी कानशीने दात पुन्हा काढता येतात. उलट हल्लीच्या पुष्कळ नव्या करवतींचे दात विजेने कठीण केलेले असतात, टोकांवर काळपट-निळसर झाक दिसते. त्या खूप दिवस धारदार राहतात पण बोथट झाल्या की कानस त्यांना लागत नाही. वर्षाकाठी दोन फळ्या कापणाऱ्या माणसाला ही करवत योग्यच आहे. रोज काम करणाऱ्याने मात्र हिशेब मांडावा.

कानस जुनी घेऊ नका. दातांच्या टोकांवर उजेड चमकताना दिसला की ती झिजली, आणि झिजलेली कानस कितीही स्वस्त असो, ती काम करत नाही. नव्या कानशी आपल्याकडे उत्तम मिळतात. जगातल्या मोठ्या कानस-कारखान्यांपैकी काही आपल्या कोकणात, रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. जुनी घ्यायचीच तर लोहारासाठी घ्या. तिच्यात एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, त्यामुळे तिची सुरी किंवा खरवडणी फार छान होते.

पान्यांकडे येतो. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, आणि फसवणारं कोणी नसतं. ढिगात जाडजूड, सुंदर घडवलेले इंग्लिश पाने असतात. त्यांवर ७/१६ डब्ल्यू असं काही कोरलेलं असतं. हे जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये मांडलेल्या आट्यांच्या पद्धतीचं माप, आणि ते पान्याच्या तोंडाचं नसून बोल्टच्या जाडीचं आहे. त्या पान्याचं तोंड साधारण २०.८ मिलिमीटर भरतं. म्हणजे २१च्या नटावर तो चढत नाही आणि १९च्या नटावर सैल फिरून कोपरे गोल करतो. आपल्या देशाने १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली. आज तुमच्या घरातल्या पंपाला, सायकलला, मोटारीला त्या पान्याचा उपयोग नाही. जुनी ब्रिटिश लेथ किंवा जुनी बुलेट सांभाळणाऱ्याला मात्र तो सोन्यासारखा आहे, त्याला तो घेऊ द्या. इंचातला एक अपवाद लक्षात ठेवा: पाऊण इंची तोंडाचा पाना १९.०५ मिलिमीटर भरतो, तो १९च्या नटावर नेमका बसतो. म्हणूनच खिशात नट ठेवायचे. पाना नटावर चढवा, हलवून बघा. तोंड फाकलेलं असेल तर लगेच कळतं. स्क्रू पाना घ्याल तेव्हा जबडा मधोमध उघडून वरखाली डुगडुगवा. योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने १८९२मध्ये पेटंट घेतलेली ही रचना फार हुशारीची आहे, पण तिची फिरकी झिजली की पाना ऐन जोरात निसटतो.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. जबडे टोकाशी आधी भिडले पाहिजेत, आणि कापायच्या धारेतून उजेड आरपार दिसता कामा नये. पातळ कागद धारेत धरून दाबा. तो सगळीकडे सारखा कापला गेला तर धार जुळते. स्वीडिश बाको कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने नाशिकच्या सातपूरला पकडी-पाने बनू लागले, त्याला आता अर्धशतक उलटलं. इथल्या आणि जालंधरच्या कारखान्यांनी आपल्याकडच्या फिटरच्या हातात परवडणारी भरवशाची वस्तू दिली, हे मी मोठं काम मानतो. पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो. पकडीच्या दांड्यांवर रंगीत प्लास्टिक आहे म्हणून ती विजेच्या कामाला सुरक्षित ठरत नाही. जे हत्यार १००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी तपासलेलं असतं त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्ही असं लिहिलेलं असतं. ती खूण नसेल, किंवा असूनही आवरणाला चीर गेलेली असेल, तर चालू तारेजवळ ती पक्कड नेऊ नका. विजेच्या कामाचं हत्यार जुन्या बाजारातून घ्यायचंच नाही, तिथे काटकसर नको.

नव्या मालातल्या सवलतींबद्दल थोडक्यात. हार्डवेअरच्या दुकानात छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी भावाने विकण्याची रीतच आहे, म्हणून छापील किमतीवरच्या सवलतीला सवलत समजू नका. दोन दुकानांत विचारा आणि तो फरक पाहा. आणि शंभरावर नगांचे चकचकीत संच टाळा. त्यातले आठ-दहा नग वापरात येतात, आणि संच स्वस्त करण्यासाठी नेमकं त्यांच्याच पोलादात हात आखडलेला असतो. ८ ते १९ मिलिमीटरचे चार चांगले पाने, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि घट्ट बसलेल्या दांड्याची एक हातोडी इतक्यावर घरातलं बहुतेक काम भागतं. पुढचं हत्यार तेव्हा घ्या, जेव्हा एखादं काम त्याच्यावाचून अडेल.

जुन्या बाजारात आणखी एक पथ्य पाळा. एखाद्या कारखान्याची अक्षरं कोरलेलं कोरं, तेलकट, न वापरलेलं हत्यार फारच स्वस्त मिळत असेल तर ते सोडून द्या. कुठल्या तरी कामगाराच्या पगारातून त्याची भरपाई झालेली असू शकते.

घरी आणल्यावर गंज काढायला पांढरं व्हिनेगर पुरतं. रात्रभर बुडवा, तारेच्या ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून कोरडं करा आणि मशीनचं पातळ तेल लावा. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात हत्यारं चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. चामडं ओल धरून ठेवतं.

शेवटी, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर आजोबांची किंवा वडिलांची पेटी असेल. कोणी गिरणीत जॉबर असेल, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, कोणी नुसते हौशी. घर बदलताना ती पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते, आणि किलोच्या भावाने जाते, कारण आपणही गंजच पाहतो. तसं करण्याआधी जवळच्या आयटीआयमधल्या निदेशकांना किंवा ओळखीच्या सुतारमिस्त्रींना घरी बोलवा. त्यांनी पटाशी उलटी करून पाठ पाहिली की तिच्यात किती काम शिल्लक आहे ते तिथल्या तिथे कळेल. आणि त्यांच्याकडे नुकतं काम शिकू लागलेलं, स्वतःचं एकही हत्यार नसलेलं एखादं पोर असतंच, त्याचं नाव ते सांगतील.