बालवर्गात केव्हा घालावे?



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तथापि बाह्यरुग्ण विभागात वावरताना जूनच्या आधी एकच प्रश्न कानी पडतो : मूल यंदा बालवर्गात घालावे, की वर्षभर थांबावे?

वयाचा हिशेब सोपा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तिसरे वर्ष पूर्ण झाल्यावर पूर्वप्राथमिक आणि सहावे झाल्यावर पहिली. पण आमचे बालरोगतज्ज्ञ आणखी काही विचारतात : आईवाचून दोन-तीन तास राहते का, लघवीला लागल्याचे सांगते का, हाताने डबा खाते का? अक्षरओळख ते विचारीत नाहीत.

मागे साडेचार वर्षांचा एक मुलगा आला. हाक मारली तरी लक्ष देत नाही, अजून तयार नाही, असे सांगून शाळेने त्याला परत पाठविले होते. वडिलांनी दोनदा हातही उगारला होता. हे सांगताना त्यांचा स्वर खाली आला. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेले आढळले. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत हे पुष्कळदा घडते आणि कान दुखत नसल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. उपचारानंतर, दिवाळीची सुटी संपताच, तो शाळेत रुळला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपण निदान मुलाला 'तयार नाही' म्हणण्यापूर्वी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. श्रवणचाचणीच्या खोलीसाठी आपण दिलेल्या निधीचा हिशेब याच अहवालात आहे. खोलीचे ध्वनिरोधक दार मात्र अद्याप बसावयाचे आहे.