आवाज म्हणजे शक्ती नव्हे
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग जातो. मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. रस्त्यांबरोबर वेगवान मोटारी व मोटारसायकली आल्या आणि मूळ सायलेन्सर काढून कर्णकर्कश नळी बसविण्याची हौसही आली. आवाज मोठा म्हणजे शक्ती मोठी, असा या हौसेमागील समज आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे.

इंजिनात इंधन जळाल्यावर तप्त वायू दाबाखाली धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरमधील कप्पे व सच्छिद्र नळ्या त्या ध्वनिलहरी परस्परांवर आदळवून शमवितात. आधुनिक पेट्रोल मोटारीत त्याच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंच्या साह्याने तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो. निकासातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर इंधनाचे प्रमाण ठरविण्यास मदत करतो. ही सारी रचना परस्परांशी जुळविलेली असते. तिचा एक भाग कापला की आवाज निश्चित वाढतो; शक्ती वाढेलच असे नाही. कन्व्हर्टर काढला तर विष हवेत मिसळते. सांधा सैल राहिला तर तो गंधहीन वायू आत बसलेल्यांच्या जिवावरही बेतू शकतो.

शर्यतीच्या मोटारीत असे बदल होतात, हे खरे. परंतु तेथे इंधनाची मात्राही नव्याने जुळवावी लागते आणि मोटार बंदिस्त मार्गावर धावते. कोइमतूरच्या कारी मोटार स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तर मोटारीच्या आवाजाचीही चाचणी घेतली जाते. शर्यतीला जी मर्यादा आहे, ती शाळेसमोरील रस्त्याला नसावी काय?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर अनिवार्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादांचा भंग केल्यास पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने अनुज्ञप्तीची अपात्रता, अशी त्यात तरतूद आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र घोषित करता येते.

राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोलर फिरविला. तथापि, केवळ रोलरने समज बदलत नाही. आरोग्य केंद्रातील बाळंतीण आणि दहावीचा विद्यार्थी यांना शांतता मिळवून देणे हे गावाचेही काम आहे. ग्रामसभेत हा विषय घ्यावा, गॅरेजच्या कारागिरांना विश्वासात घेऊन मूळ सायलेन्सर न कापण्याचे आवाहन करावे आणि शांतता क्षेत्राचे फलक लावण्याचा आग्रह धरावा. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला सायलेन्सरचे कार्य समजावून द्यावे. यंत्राची आवड हा दोष नव्हे. त्या आवडीला आयटीआयची कार्यशाळा दाखविली, तर आज नळी कापणारे हात उद्या उत्तम इंजिन दुरुस्त करतील.