एक चावी फिरवायची राहिली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला जुन्या कॅमेऱ्यांवर बोलायला सांगितलंय. टेबलावर माझे तीन कॅमेरे मांडलेत. नंतर खुशाल हातात घेऊन बघा, फक्त भिंगाला बोट लावू नका.

हा याशिका इलेक्ट्रो ३५, १९६६ सालचा नमुना. भिंग एफ १.७, म्हणून लग्नघरातल्या मिणमिणत्या उजेडातही काम करतो. खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. कडं फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस बरोबर. पण याचं शटर बॅटरीवर चालतं आणि त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. मी जुगाड करून दुसरी बसवलीय.

हा ऑलिंपस ट्रिप ३५, १९६७ चा. याला बॅटरीच नाही. भिंगाभोवती सेलेनियमचं कडं आहे. उजेड पडला की त्यातूनच मीटर चालतो. उजेड कमी असेल तर खिडकीत लाल पट्टी वर येते आणि खटका दाबलाच जात नाही. अंतरासाठी चार चित्रं: एक डोकं, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. नवशिक्याला मी हाच देईन. चूक करायला निघालात तर तो हात धरतो.

आणि हा तिसरा, आग्फा क्लिक थ्री. आपल्याकडे बनलेला, आपल्या पिढीतल्या कितीतरी घरांत होता. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो. मागे लाल काचेची छोटी खिडकी. फोटो काढला की चावी फिरवून तिच्यात पुढचा आकडा आणायचा. विसरलात तर हा कॅमेरा काही बोलत नाही. त्याच जागेवर दुसरा फोटो मुकाट्यानं घेतो.

आता खरं सांगतो. दहावीची चांदबीबी महालाची सहल आठवते ना? सलाबतखानाची ती तीन मजली अष्टकोनी कबर, पण आपण सगळे चांदबीबीचा महालच म्हणतो. काकांचा हाच कॅमेरा माझ्या गळ्यात होता. रोलसाठी तुम्ही प्रत्येकी पन्नास पैसे दिले होते. सरांसकट सगळ्या वर्गाचा फोटो काढला, तो कधीच आला नाही. मी सांगितलं, "स्टुडिओवाल्यानं रोल धुताना घालवला."

सर, तुम्ही मला घेऊन त्या स्टुडिओत गेलात आणि त्यांना चार शब्द सुनावलेत. ते ऐकून घेत राहिले. गल्ल्यातून रोलचे पैसे काढून तुमच्या हातात ठेवले आणि माझ्याकडे एकदा बघितलं. निगेटिव्ह त्यांनीच धुतली होती. रोल बिघडला नव्हता. महालाचा फोटो काढल्यावर मी चावी फिरवलीच नव्हती आणि त्याच जागेवर आपला वर्ग काढला होता. हे त्यांना दिसलं नसेल? तरी पोराला मास्तरांसमोर उघडं पाडलं नाही. ते आता नाहीत. मी त्यांची माफी मागितली नाही, ती आज तुम्हा सगळ्यांसमोर मागतो.

निगेटिव्ह मी जपून ठेवली होती. परवा तिचा प्रिंट काढला. दोनदा उजेड पडलेल्या फिल्मचा एक नियम आहे: पहिल्या फोटोत जिथं सावली होती, तिथं दुसरा फोटो स्वच्छ उमटतो. मागच्या दोन रांगा आभाळाच्या उजेडात पुसल्या गेल्यात. पण कमानींच्या अंधारात जे उभे होते ते स्पष्ट दिसतात. सर, मधल्या कमानीत तुम्ही आहात. आपल्यातले जे आज नाहीत, त्यातले दोघं तुमच्या डाव्या हाताला हसताहेत.

प्रिंट दाराजवळ लावलाय. ज्यांचे चेहरे गेले त्यांनी मला पन्नास पैसे मागावेत.

आता सगळे पायऱ्यांवर चला. क्लिक थ्रीत नवा रोल भरलाय. लाल खिडकीत एकचा आकडा आलाय. सर, आधी तुम्ही तपासून घ्या.