माझे झोपेचे प्रयोग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ज्येष्ठ नागरिक संध्येत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणी राहिली असेल. ते म्हणाले, "काका, या वर्षी आरोग्यावर कुणीतरी बोलायला हवं." मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, कारखान्यातला निवृत्त इंजिनिअर आहे. तर म्हणाले, "मागे तुम्ही झोपेचं सांगत होतात ना, तेच सांगा." म्हणजे माझी लायकी एवढीच, की मी वर्षानुवर्षं झोपलो नाही आणि आता झोपतो. जे सांगेन ते एका रोग्याचं सांगणं समजा.

आपल्यातले पुष्कळजण माझ्यासारखेच नोकरीनिमित्त इथे आले आणि इथलेच झाले. मी १९७१ साली आलो. इंदिरानगरात घर बांधलं तेव्हा शंभर फुटी रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसायचं. आवाज एकच, विमानांचा. जुना एचएएल विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. विमान उतरायला लागलं की कपाटातल्या काचेच्या बश्या वाजायच्या. पण त्या आवाजात मी गाढ झोपायचो. शिफ्ट करून आलेल्या माणसाला झोप म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

२००६ साली निवृत्त झालो आणि वर्षभरात झोप उडाली. आता कारण शोधायला हवं. पहिला आरोपी विमान. मी सगळ्यांना सांगत सुटलो की, विमानतळ देवनहळ्ळीला जाऊ दे, मग बघा. २००८ च्या मे महिन्यात प्रवासी विमानं खरोखर तिकडे गेली. रात्र शांत झाली आणि मी त्या शांततेत टक्क जागा! मग दुसरा आरोपी, सीएमएच रोडवरचं मेट्रोचं काम. ऑक्टोबर २०११ मध्ये मेट्रो सुरूही झाली, तरी मी जागाच. त्यानंतर बाराव्या मेनवरचे पब. तो आवाज आहे, मी नाकारत नाही, त्यासाठी इथले रहिवासी भांडले ते योग्यच केलं. पण आमच्या हिला त्याच घरात, त्याच पलंगावर झोप लागत होती. हा पुरावा माझ्या नजरेसमोर रोज घोरत होता, तरी मला तो दिसला नाही.

तर उपाय सुरू झाले. आई काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची ते आठवलं. गावाकडून वाटी मागवली. आई म्हणायची, तळवा काळा होतो ती अंगातली उष्णता बाहेर पडते. तो काळा रंग वाटीतल्या धातूचा आणि तुपाचा, हे मला आता कळतं. पण आई अगदीच चुकली नव्हती. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की ते लवकर उतरतं. पाय गरम असले की झोप लवकर लागते, असा बाझेलच्या संशोधकांचा निबंध १९९९ साली 'नेचर'मध्ये आला आहे. रात्री तळवे चोळा, नाहीतर मोजे घाला, किंवा झोपण्याआधी तासदीड तास कोमट पाण्यानं अंघोळ करा, तत्त्व एकच.

जायफळ घातलेलं दूध घेतलं. चिमूटभर जायफळाला हरकत नाही, पण इथे मी शहाणपणा केला आणि "अर्ध्यानं गुण येतो तर पूर्ण उगाळू" म्हणून एक रात्र छातीतली धडधड मोजत काढली. जायफळ जास्त झालं की विषारी असतं, हे घरातल्या बायकांना माहीत असतं, इंजिनिअरला नसतं. दुधाचं म्हणाल तर त्यात झोप आणण्याइतकं काही नसतं, पण रोज त्याच वेळी तेच करण्याची सवय मात्र उपयोगी पडते.

आणि मग गोळी. एका स्नेह्यानं "अर्धीच घ्या" म्हणून दिली. लागली की हो झोप! २००९ पासून घेत होतो. अर्धीची एक झाली, एकीची दीड. एकदाच लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवून मी या दुकानातून त्या दुकानात जायचो. २०१४ पासून या गोळ्या शेड्यूल एच वन या यादीत आहेत. दुकानदारानं चिठ्ठी बघून वहीत नोंद ठेवायची असते. पण मंडळी, कायदा कितीही असो, फसवायचंच म्हटलं की माणूस वाट काढतो, आणि मी काढली.

२०१५ च्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास बाथरूमला उठलो. गोळीची गुंगी होती. दाराच्या उंबऱ्याला पाय अडला एवढं आठवतं. उजवं मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. हिनं दिवा लावला तेव्हा मी फरशीवर होतो आणि तिला ओळखत नव्हतो. अर्धा मिनिटच असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा कसा झाला, ते तिनं मला मागाहून सांगितलं, आणि ते मी इथे सांगणार नाही.

मनगट बसवणाऱ्या डॉक्टरांनीच मला झोपेचं काम बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मला वाटलं, नवी गोळी मिळेल. त्यांनी दिली एक वही. दोन आठवडे रोज लिहायचं: पलंगावर कधी गेलात, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, उठलात कधी, दुपारी किती पडलात, कॉफी किती. मी कारखान्यात मशीनच्या बिघाडाचे तक्ते बनवणारा माणूस. स्वतःचा तक्ता कधी केला नव्हता.

तक्ता बोलका होता. रात्री सव्वानऊला आडवा, सकाळी साडेसहाला उभा. पलंगावर सव्वानऊ तास, झोप साडेपाच तास. शिवाय दुपारी अडीच तास. आपण त्याला वामकुक्षी म्हणतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस, जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर टेकायचं, इतकंच. पंखा लावून, पडदे ओढून अडीच तास घोरणं ही वामकुक्षी नव्हे. चरकसंहितेतही उन्हाळा सोडून दिवसा झोपू नये असं आहे. अर्थात वृद्ध आणि आजारी यांना सूट आहे, ते मी हिला लगेच दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ती सूट काढून घेतली.

त्या म्हणाल्या, "झोप कधी लागेल हे तुमच्या हातात नाही. उठायचं कधी, हे आहे. तेवढं धरा." मग हिशेब सांगितला. तुम्हाला साडेपाच तास झोप येते ना, मग पलंग सहा तासच मिळेल. पावणेबाराला जायचं, पावणेसहाला उठायचं. रात्र कशीही गेली तरी, रविवार असला तरी, गणपती असले तरी. दुपारी आडवं व्हायचं नाही. पलंगावर वाचन, टीव्ही, मोबाइल, हिशेब, काळजी काही नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, झोप आली की परत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं.

यामागचं तत्त्व मला इंजिनिअर म्हणून पटलं. आपण जितके तास जागे असतो तितका झोपेचा दाब वाढत जातो. दुपारी झोपून मी तो दाब रोज सोडून देत होतो आणि रात्री नळाला पाणी का येत नाही म्हणून रडत होतो. दुसरं, शरीराच्या आत एक घड्याळ असतं. त्याचं पेशीतलं यंत्र शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. हे घड्याळ जुळतं ते मुख्यतः उजेडावर. म्हणून पावणेसहाला उठून उजाडताना बाहेर पडायचं. मी अलसूर तलावापर्यंत जायला लागलो.

पहिले दोन आठवडे भयंकर गेले. रात्री साडेदहालाच खुर्चीत मान पडायची, ही मला ढोसून जागं ठेवायची. शेजारचे कन्नड गृहस्थ पहाटे फाटकाशी बघून विचारायचे, "निद्दे बरल्वा सार?" झोप येत नाही का! कसं सांगणार, की येतेय पण परवानगी नाही? त्या दिवसांत मी गाडीला हात लावला नाही. हे करायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा, विशेषतः फिट येणाऱ्यांनी आणि मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पलंगावर पडलो तो थेट गजरालाच जाग. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळाली. गोळी पाव-पाव करून कमी केली, तिला पाच महिने लागले. ती एका दिवसात बंद करायची नसते, अंग उलटतं. कुणी घेत असाल तर आज घरी जाऊन शौर्य दाखवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता मी पावणेअकरा ते पावणेसहा झोपतो. रात्री एकदोनदा जाग येते. या वयात झोप हलकी होते, जाग येणं हा आजार नाही. जाग आल्यावर घाबरणं हा होता.

कॉफीबद्दल बोललो नाही तर बेंगळुरूत राहून पाप लागेल. मला फिल्टर कॉफीचं व्यसन इथेच लागलं. तिच्यातलं कॅफीन पाच तासांनी साधारण निम्मं अंगात शिल्लक असतं. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी जागी. मी दुपारी दोननंतर सोडली, हे सगळ्यात कठीण गेलं, गोळीपेक्षाही. आणि काही मंडळी झोपेसाठी 'थोडीशी' घेतात. दारूनं झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तुटते.

तरुण मंडळींसाठी दोन शब्द. आमचा मुलगा अमेरिकेशी बोलतो. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेअकरा. फोन संपवून लगेच झोपणं शक्य नसतं, डोकं चालू असतं. मुलानं अर्धा तास मंद दिव्यात बसायचा नियम केला आणि शनिवार-रविवारी दुपारी बारापर्यंत लोळणं सोडलं. दर सोमवारी आपल्याच घरात परदेशातून आल्यासारखं वाटायचं, ते थांबलं.

दुसरं जरा गंभीर आहे. आपण दिवाळीला गाडीनं गावी जातो. पुणं इथून साडेआठशे किलोमीटर, आणि सगळ्यांना रात्रीच निघायचं असतं. १९९४ साली कोल्हापूरहून परत येताना पहाटे साडेचारला हिरियूरच्या अलीकडे माझा डोळा लागला. मारुती आठशे, मागे दोन्ही मुलं झोपलेली. चाकाखाली खडी वाजली म्हणून जागा झालो, पुढे दहा फुटांवर चिंचेचं झाड होतं. पहाटे तीन ते पाच शरीराचं घड्याळ झोपच मागतं, तिथे गाणी लावून आणि काच उघडून काही होत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा, कॉफी प्या आणि वीस मिनिटं झोपा. कॉफी अंगात भिनेपर्यंत झोप होते.

आणि घोरणं. आपण त्यावर विनोद करतो. आमच्या एका स्नेह्यांचं ब्लडप्रेशर तीन गोळ्यांनी उतरेना, सिग्नलला डुलकी लागायची. वहिनींनी त्यांचं घोरणं मोबाइलवर टिपलं. घोरता घोरता एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा आवाज. तपासात निघालं, तासाला तीसपेक्षा जास्त वेळा श्वास अडतो. आता ते नाकाला मुखवटा लावून झोपतात, हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. वहिनींनी, तुमच्याकडे असं काही ऐकू येत असेल तर उद्याच तपासून घ्यायला लावा. इथली माझी उठण्याची वेळ वगैरे त्याला उपयोगाची नाही.

शेवटी आपल्या मांडवाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सणासाठी वर्षातून काही दिवस बारापर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, आणि "ती घेऊ या" असा विषय आपल्या बैठकीत दर वर्षी निघतो. मागे एका वर्षी आपला स्पीकर साडेअकरापर्यंत चालला होता. दुसऱ्या दिवशी माझे तेच शेजारी आरतीला आले, हात जोडले, प्रसाद घेतला आणि जाताना हळूच म्हणाले, "निद्दे बरलिल्ल सार." रात्री झोप आली नाही. तक्रार नव्हती त्यात, पण गोळी घेऊन छताकडे बघत काढलेल्या सगळ्या रात्री मला त्या दोन शब्दांत दिसल्या. म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे की, या वर्षी सवलतीचा अर्ज करू नये.

पावणेदहा होत आलेत. आरती व्हायची आहे आणि मला पावणेअकराला पलंग गाठायचाय. कुणाला काही विचारायचं असेल तर मी उद्या सकाळी सहाला तलावावर भेटेन.

गणपती बाप्पा मोरया!